साधी राहणी आणि निसर्गसंपत्ती : काटकसर व मर्यादा यांतील भेद

१. प्रश्नाचे स्वरूप

साधी राहणी हा विषय मराठी वाचकाला नवा नाही. संतवाङ्मयाने तिचे महत्त्व सांगितले, गांधीयुगातील आश्रमांनी तिचे प्रयोग केले आणि गेल्या शतकातील शाळामास्तरांनी ती फळ्यावरील सुविचारात बसविली. या सर्वांनी साध्या राहणीचा विचार मुख्यतः व्यक्तीच्या चारित्र्याच्या दृष्टीने केला. गेल्या पन्नासएक वर्षांत मात्र तिच्या समर्थनार्थ एक निराळाच युक्तिवाद पुढे आला आहे. माणसांनी आपला उपभोग कमी केला, तर खाणी, जंगले, पाणी आणि हवा यांच्यावरील भार कमी होईल, असा हा युक्तिवाद आहे. तो नीतीचा नसून कार्यकारणाचा आहे. म्हणून त्याची परीक्षाही कार्यकारणाच्या कसोटीवरच झाली पाहिजे.

प्रश्नाची तातडी दाखविण्यास थोडे आकडे पुरेसे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी उपसल्या जाणाऱ्या खनिजे, इंधने, धान्ये, लाकूड इत्यादी द्रव्यांचे वजन १९७० च्या सुमारास ३० अब्ज टन होते. ते आता १०६ अब्ज टनांच्या घरात गेले आहे. या काळात लोकसंख्या वाढली हे खरे. परंतु दरडोई प्रतिदिन वापरही २३ किलोग्रॅमवरून ३९ किलोग्रॅमवर गेला. भारत सरकारने २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत पर्यावरणानुकूल जीवनशैलीची कल्पना मांडली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील एकतानगर येथे त्या नावाने देशव्यापी मोहीम सुरू केली. दिवे मालवणे, नळ बंद करणे, जुन्या वस्तू दुरुस्त करून वापरणे अशा सवयींवर या मोहिमेचा भर आहे.

अशा सवयी चांगल्या आहेत, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या फलाविषयी. एका कुटुंबाने आपला वापर शंभराने कमी केला, तर निसर्गाच्या एकूण उपशातही शंभराची घट होते काय? होत नसेल, तर वाचलेला भाग कोठे जातो? आणि तो निसर्गातच शिल्लक राहावा यासाठी कोणत्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत? प्रस्तुत विवेचन या तीन प्रश्नांपुरते मर्यादित आहे.

२. तीन शब्द

या विषयावरील चर्चेत तीन कल्पना नेहमी एकमेकींत मिसळतात. पहिली काटकसर : तेच काम कमी साधनांत करणे. दुसरी साधेपणा : मुळात गरजाच थोड्या ठेवणे. तिसरी मर्यादा : साधने हाताशी असूनही एका ठरविलेल्या रेषेपलीकडे त्यांचा वापर न करणे. काटकसरीत कौशल्य लागते, साधेपणात वृत्ती लागते आणि मर्यादेत आधी केलेली मोजणी लागते. पहिल्या दोन गोष्टी एकट्याने करता येतात. तिसरीचे तसे आहे किंवा नाही, हे पुढे पाहावयाचे आहे.

मोजणीची ही कल्पना भारतीय परंपरेत सर्वांत स्पष्टपणे आढळते ती जैन आचारशास्त्रात. साधूसाठी अपरिग्रह संपूर्ण आहे. गृहस्थाला तो शक्य नाही, म्हणून गृहस्थासाठी ‘परिग्रह-परिमाण’ सांगितले आहे. परिमाण म्हणजे माप. आपल्यापाशी धन, धान्य, जमीन किती असावी याची रेषा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यावयाची. परंतु या शास्त्रकारांनी केवळ मालकीची रेषा पुरेशी मानली नाही. वापराचे माप ठरविण्यासाठी ‘भोगोपभोग-परिमाण’ हे निराळे व्रत, आणि हालचालीच्या क्षेत्राचे माप ठरविण्यासाठी ‘दिग्व्रत’ हे आणखी निराळे व्रत त्यांनी सांगितले. समंतभद्राच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त भोग म्हणजे अन्नासारखी एकदाच भोगून संपणारी वस्तू आणि उपभोग म्हणजे वस्त्रासारखी पुनःपुन्हा भोगता येणारी वस्तू, असा भेद केलेला आहे. आधुनिक अर्थशास्त्रातील नाशवंत आणि टिकाऊ वस्तूंच्या वर्गीकरणाशी त्याचे साम्य उघड आहे. या व्रतांचा हेतू अहिंसा आणि आत्मशुद्धी हा होता, निसर्गसंपत्तीचा हिशेब हा नव्हे. तथापि मालकी, वापर आणि क्षेत्र या तीन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात आणि एकीच्या मर्यादेतून दुसरीची मर्यादा आपोआप निघत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढील विवेचनात या जाणिवेचा उपयोग होईल.

३. काटकसरीचे अनपेक्षित फल

काटकसरीने एकूण वापर घटतो, या समजुतीला पहिला शास्त्रीय धक्का दिला तो विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने. ब्रिटनच्या कोळशाविषयीचा त्याचा ग्रंथ १८६५ साली प्रसिद्ध झाला. कोळसा संपत चालला तरी चिंता नको, यंत्रे सुधारतील आणि थोड्या कोळशात अधिक काम होईल, असे त्या काळी अनेकांना वाटे. जेव्हन्सने इतिहासाकडे बोट दाखविले. वॅटच्या एंजिनाला जुन्या एंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागे. म्हणूनच वाफेची शक्ती स्वस्त झाली आणि जेथे ती पूर्वी परवडत नव्हती अशा शेकडो धंद्यांत शिरली. स्कॉटलंडमध्ये भट्टीत उष्ण हवेचा झोत सोडण्याची युक्ती निघाल्यावर एक टन लोखंडास लागणारा कोळसा पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही कमी झाला. परंतु १८३० ते १८६३ या काळात त्या धंद्यातील कोळशाचा एकूण खप दसपट झाला. एका टनामागे झालेली बचत हेच एकूण वापराच्या वाढीचे कारण ठरले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विचाराला पुन्हा चालना मिळाली आणि त्यास ‘प्रतिक्षेप परिणाम’ असे म्हणता येईल अशी संज्ञा रूढ झाली. प्रकाशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. रॉजर फूके आणि पीटर पिअर्सन यांनी २००६ साली ब्रिटनमधील सात शतकांच्या दिवाबत्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८०० ते २००० या दोन शतकांत तेथे प्रकाशाची किंमत तीन हजारांश भागाहूनही खाली आली आणि दरडोई प्रकाशाचा वापर ६,५०० पट झाला. मेणबत्तीपासून विजेपर्यंतची प्रत्येक पायरी काटकसरीची होती. पायऱ्यांची बेरीज मात्र काटकसरीची झाली नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला याहून जवळचे उदाहरण ठिबक सिंचनाचे. पाटाने पाणी देण्यापेक्षा ठिबकने दिल्यास तेवढ्याच पिकाला शेतात कमी पाणी सोडावे लागते, हे निर्विवाद आहे. परंतु ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ साली काही अभ्यासकांनी जगभरातील अनुभव एकत्र करून दाखविले की, सिंचन कार्यक्षम झाल्याने नदीत किंवा भूगर्भात पाणी अधिक उरते असे क्वचितच घडते. त्याची कारणे दोन आहेत. पाटाने दिलेल्या पाण्यातील जो भाग ‘वाया’ गेला असे म्हटले जाते, त्यातील बराचसा जमिनीत मुरून शेजारच्या विहिरीत किंवा खालच्या ओढ्यात परत येत असतो. तो थांबविणे ही खरी बचत नव्हे, तर एकाचे पाणी दुसऱ्याकडे वळविणे होय. दुसरे असे की, शेतकऱ्याच्या हाती जे पाणी उरते त्यावर तो आणखी क्षेत्र भिजवितो किंवा अधिक पाण्याचे पीक घेतो. त्यात त्याचा दोष नाही; पंपाचा आणि नळ्यांचा खर्च भरून काढण्यास दुसरा मार्ग त्याच्यापुढे नसतो. विहिरीतील पाणी जमिनीच्या मालकाच्या हक्कात येते, ही कल्पना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून रुजलेली आहे. एकाने न उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या पंपाला मोकळेच असते. अशा परिस्थितीत पाणी राखणारा शेतकरी ते भूगर्भासाठी राखत नसून शेजाऱ्यासाठी राखत असतो.

४. वाचलेल्या पैशाचा मार्ग

यावर असा आक्षेप संभवतो की, ही सारी उदाहरणे काटकसरीची आहेत, साधेपणाची नव्हेत. ज्याने गरजाच कमी केल्या तो वाचलेल्या साधनांचा नवा उपयोग शोधणारच नाही. हा आक्षेप विचारार्ह आहे आणि त्याचे उत्तर पैशाचा माग काढूनच द्यावे लागते.

समजा, एका मध्यमवर्गीय कुटुंबाने मोटारगाडी विकून बसने जाण्यायेण्याचे ठरविले आणि त्यामुळे त्याचे दरवर्षी काही सहस्र रुपये वाचले. या रुपयांना तीनच वाटा आहेत. पहिली, ते अन्य वस्तूंवर खर्च करणे. हा खर्च विमानप्रवासावर झाला, तर गाडी सोडल्याचा लाभ बहुतांशी नाहीसा होईल. संगीताच्या शिकवणीवर झाला, तर पुष्कळसा टिकेल. दुसरी वाट बँकेची. बँक ते पैसे कोणाला तरी कर्जाऊ देते, आणि त्या कर्जातून दुसऱ्या कोणाची मोटारगाडी, एखादे घर किंवा कारखाना उभा राहतो. बचत करणाऱ्याच्या दृष्टीने पैसा स्वस्थ असतो. समाजाच्या दृष्टीने तो कधीच स्वस्थ नसतो. तिसरी वाट अशी की, खर्च कमी झाला म्हणून त्या कुटुंबाने मिळकतही कमी करावी, अधिकचे काम सोडावे आणि तो वेळ अन्य रीतीने घालवावा. या तिन्हींत निसर्गावरील भार खात्रीने घटविणारी वाट ही तिसरीच होय. आणि साध्या राहणीचा उपदेश करणारे तिचाच उल्लेख सर्वांत कमी करतात. वाचलेला पैसा गरजूला दिला, तर ते दान निश्चितच श्रेष्ठ. परंतु गरजूही त्यातून वस्तूच घेणार, आणि त्याने त्या घ्याव्यात हेच योग्य आहे.

यात किंमतीच्या परिणामाची भर पडते. एका देशातील पुष्कळ लोकांनी पेट्रोलचा वापर कमी केला, तर जागतिक बाजारात त्याची किंमत थोडी उतरते आणि पूर्वी ज्यांना ते परवडत नव्हते ते घेऊ लागतात. ब्लेक ऑलकॉट यांनी २००८ साली श्रीमंत देशांतील ऐच्छिक साधेपणाविषयी हाच मुद्दा मांडला : काहींनी सोडलेला वाटा इतर काही उचलतात, आणि एकूण उपसा थोडाच बदलतो.

या उपपत्तीचा अतिरेक करणेही चूक ठरेल. श्रीमंत देशांतील घरगुती इंधनाच्या अभ्यासांत थेट प्रतिक्षेप बहुधा अंशतःच आढळतो. केलेली बचत सर्वच्या सर्व वाया जाते असे नव्हे. शिवाय हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात असे म्हटले आहे की, मागणीच्या बाजूने योजलेले उपाय प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रांतील उत्सर्जन २०५० पर्यंत ४० ते ७० टक्क्यांनी कमी करू शकतात. परंतु या उपायांत केवळ व्यक्तीच्या सवयी येत नाहीत. शहरांची रचना, सार्वजनिक वाहतूक, इमारतींचे नियम आणि आहाराची उपलब्धता यांचाही त्यांत समावेश आहे. साधेपणा एकट्याच्या वृत्तीत राहिला तर तो गळतो आणि व्यवस्थेत उतरला तर टिकतो, असाच याचा अर्थ होय.

५. कुमारप्पांची मांडणी

साधेपणा व्यवस्थेत कसा उतरवावा याचा पद्धतशीर विचार महाराष्ट्राच्या भूमीवरच, वर्धा येथे झाला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म १८९२ साली तंजावरचा. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केल्यावर १९२९ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. त्यांचा ‘स्थायी अर्थव्यवस्था’ हा ग्रंथ जबलपूरच्या तुरुंगात लिहिला गेला आणि १९४५ साली गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

कुमारप्पांच्या विचारातील दोन सूत्रे येथे महत्त्वाची आहेत. पहिले सूत्र संपत्तीच्या प्रकाराचे. कोळसा, पेट्रोल, धातू हे साठे होत. ते काढले तेवढे कमी होतात. नदीचा प्रवाह, वनातील वाढ, पशूंचे आणि माणसांचे श्रम हे मात्र वाहते स्रोत आहेत. त्यांच्या नित्याच्या वाढीपुरताच वापर केला तर ते संपत नाहीत. साठ्यांवर उभारलेली व्यवस्था क्षणभंगुर असते आणि त्या साठ्यांच्या मालकीसाठी राष्ट्रे लढतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात साध्या राहणीचे मुख्य प्रयोजन शांतता हे आहे, ही गोष्ट आजचा पर्यावरणवादी वाचक बहुधा विसरतो.

दुसरे सूत्र राहणीमानाचे. राहणीमान ‘उच्च’ किंवा ‘नीच’ म्हणणे त्यांना दिशाभूल करणारे वाटे. ‘गुंतागुंतीचे’ आणि ‘साधे’ ही विशेषणे त्यांना अधिक अचूक वाटत. गुंतागुंतीच्या राहणीत वस्तू अधिक असतात, परंतु जीवन त्यामुळे अधिक समृद्ध होतेच असे नाही.

या सूत्रांना मगनवाडीत हातांनी आकार दिला गेला. गिरणीच्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, कारण त्यात कोंड्याचा पोषक अंश राहतो. गिरणीऐवजी बैलघाणीचे तेल, कारण पेंड गावातच गुरांना मिळते. रॉकेलच्या कंदिलाऐवजी गावच्या वनस्पतितेलावर जळणारा ‘मगनदीप’. शेवटचे उदाहरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मगनदीपाचा उजेड घासलेटच्या बत्तीहून अधिक असावा अशी अपेक्षा नव्हती. त्याचे तेल गावच्या शेतातून यावे, ही होती. शेत जेवढे तेल देईल तेवढाच दिवा जळणार. मर्यादा येथे वापरणाऱ्याच्या निग्रहात नाही, पुरवठ्याच्या रचनेतच आहे. एक लक्ष लोकवस्तीच्या क्षेत्रासाठी कोणते पीक किती जमिनीत घ्यावे, याचा कुमारप्पांनी मांडलेला समतोल शेतीचा आराखडा याच तत्त्वावर उभा आहे : आधी गरजेची मोजणी, नंतर जमिनीची वाटणी. जेव्हन्सचा प्रतिक्षेप जेथून शिरतो ती फट अशा रचनेत बुजविलेली असते.

रिचर्ड ग्रेग या अमेरिकन गृहस्थांनी १९२० च्या दशकात भारतात राहून गांधीजींचे कार्य पाहिले आणि १९३६ साली ‘ऐच्छिक साधेपणा’ या कल्पनेवर निबंध लिहिला. पाश्चात्त्य देशांत ही संज्ञा तेथून पसरली. ई. एफ. शूमाखर यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध ग्रंथात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. मात्र या प्रवासात एक बदल घडला. वर्ध्यात जी गावाच्या उत्पादनाची रचना होती, ती पश्चिमेत जाताना ग्राहकाची वैयक्तिक निवड झाली. आणि आज ती त्याच रूपात भारतात परत आली आहे.

६. आंबेडकरांचा आक्षेप

कुमारप्पांच्या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप यंत्रांच्या पुरस्कर्त्या कारखानदारांनी घेतला नाही, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादी अर्थविचाराचा परामर्श घेतला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : संस्कृती फुलण्यास फुरसत लागते, आणि यंत्रांवाचून ती बहुजनांना मिळणार नाही. यंत्रांमुळे होणारे दुष्परिणाम यंत्रांचे नसून, त्यांचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचे आहेत. साधेपणाचा आदर्श ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांना सांगणे म्हणजे त्यांच्या वंचनेवर पावित्र्याची मोहोर उठविणे होय. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी भारतीय खेड्याविषयी काढलेले कठोर उद्गार याच विचाराशी सुसंगत आहेत. ज्या गावच्या पाणवठ्यावर एका वर्गाला पाणी भरण्याची बंदी होती, त्या गावाच्या स्वयंपूर्णतेचे कौतुक त्या वर्गाने का करावे?

या आक्षेपाचे महत्त्व आज कमी झालेले नाही. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या अहवालानुसार घरगुती उपभोगातून होणाऱ्या जागतिक उत्सर्जनात सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के कुटुंबांचा वाटा ३४ ते ४५ टक्के आहे, तर तळच्या ५० टक्के कुटुंबांचा वाटा अवघा १३ ते १५ टक्के आहे. ‘सर्वांनी कमी वापरावे’ या वाक्यातील ‘सर्वांनी’ हा शब्द म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. भारतात २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. ज्या घरात पूर्वी एकच दिवा होता, तेथे वीज स्वस्त पडल्याने दुसरा लागला, तर अर्थशास्त्राच्या भाषेत तो प्रतिक्षेपच. परंतु त्या दुसऱ्या दिव्याखाली एखादी मुलगी अभ्यास करीत असेल, तर त्याला बचतीची हानी म्हणणे हे मोजमापाचे दारिद्र्य होय. तोच प्रतिक्षेप शहरातील इमारतीवर रात्रभर जळणाऱ्या शोभेच्या दिव्यांत दिसतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. आकडा एक असला तरी न्याय एक नाही.

सारांश, मर्यादेला वाटणीची जोड नसेल तर ती दुर्बलांवर लादलेली बंदी ठरते. हर्मन डेली यांनी एकूण उपशाचे प्रमाण, त्याची न्याय्य वाटणी आणि साधनांचे कार्यक्षम नियोजन हे तीन प्रश्न वेगळे मानावयास हवेत, असे आग्रहाने मांडले. नावेतील ओझे नीट वाटून ठेवले तरी ते प्रमाणाबाहेर असेल तर नाव बुडतेच, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. त्याला आंबेडकरांच्या आक्षेपाची पुरवणी अशी जोडता येईल : ओझे प्रमाणात असले, तरी काही उतारूंना नावेत जागाच न देता ते प्रमाणात आणलेले असू शकते.

७. पुरंदरचा प्रयोग

मर्यादा आणि वाटणी एकत्र बांधण्याचा एक प्रत्यक्ष प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात झाला. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंत्या उद्योजकांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन पाणलोटाचे काम केले आणि ग्रामगौरव प्रतिष्ठानमार्फत ‘पाणी पंचायत’ या नावाने सामुदायिक उपसा सिंचनाच्या योजना उभ्या केल्या.

या योजनांचे नियम थोडे व स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे द्यावयाचे : माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली म्हणून तो विकत घेणाऱ्याकडे जात नाही. उसासारखे अतिपाण्याचे पीक घ्यावयाचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा.

या नियमांकडे आतापर्यंतच्या विवेचनाच्या प्रकाशात पाहिले म्हणजे त्यांतील तर्क उमगतो. माणशी वाटा ठरल्यामुळे एकाने वाचविलेले पाणी शेजाऱ्याच्या पंपात जाण्याची वाट बंद झाली. कुटुंबाची कमाल मर्यादा ठरल्यामुळे ठिबकने किंवा अन्य युक्तीने केलेली बचत वाढीव क्षेत्रात विरघळून जाण्याची वाट बंद झाली. पिकाचा नियम आल्यामुळे बाजारभावाच्या आकर्षणाने वाटा अपुरा ठरण्याची वाट अरुंद झाली. आणि भूमिहीनाच्या वाट्यामुळे आंबेडकरांच्या आक्षेपाला निदान एका संसाधनापुरते उत्तर मिळाले : येथे कमी वापरण्याचा नियम मोठ्या बागाईतदारावर येतो आणि अधिक वापरण्याचा हक्क ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याला मिळतो. शेतकऱ्याने विरक्त व्हावे अशी या योजनेची अपेक्षा नव्हती. त्याने आपल्या वाट्यात जास्तीत जास्त पीक काढावे, अशीच होती. रेषा पक्की असल्यावर रेषेच्या आतील काटकसर पुन्हा सद्गुण होते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पुढे निराळ्या मार्गाने हाच धडा गिरविला. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी, उसासारख्या पिकांस मनाई, आणि त्या वर्षीचा पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा ही त्याची अंगे होत. माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी आधी राखावयाचे आणि उरलेल्यावर पिके ठरवावयाची. पाऊस कमी झाला, तर मर्यादाही त्या वर्षापुरती खाली येते.

या प्रयोगांना आदर्शाचे वलय देण्याचे कारण नाही. पाणी पंचायतीच्या काही योजना कालांतराने बंद पडल्या. पाणी उचलण्याचा विजेचा खर्च, आसपासच्या उसाचे आकर्षण आणि साळुंखे यांच्यासारख्या संघटकाच्या २००२ साली झालेल्या निधनानंतरची उणीव या अडचणी खऱ्या होत्या. गावाच्या वेशीबाहेर नियम नसेल, तर वेशीच्या आतील नियमावर ताण येतोच. भूगर्भातील पाणी गावाची शीव ओळखत नाही. कोळसा आणि पेट्रोल तर देशाचीही ओळखत नाहीत. मर्यादेचे क्षेत्र आणि संसाधनाचे क्षेत्र जुळले पाहिजे, हा या अपयशाचा अर्थ आहे. मर्यादाच निरर्थक आहे, हा नव्हे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम पाणलोट क्षेत्र हा नियमनाचा पाया मानतो, तो याच कारणाने.

८. निष्कर्ष

आरंभीच्या तीन प्रश्नांची उत्तरे आता देता येतील. एका कुटुंबाने वापर कमी केल्यास एकूण उपशात तेवढीच घट सामान्यतः होत नाही. वाचलेला भाग स्वस्ताईच्या, कर्जाच्या किंवा शेजाऱ्याच्या मार्गाने पुन्हा वापरात येतो. तो निसर्गात शिल्लक राहण्यास तीन अटी लागतात : एकूण उपशाची आधी ठरविलेली रेषा, त्या रेषेच्या आत प्रत्येकाचा हक्काचा वाटा, आणि ज्या क्षेत्रातून संसाधन येते त्या संपूर्ण क्षेत्राला लागू होणारा नियम.

मग व्यक्तीच्या साध्या राहणीला काही अर्थ उरतो काय? उरतो, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. ज्या समाजात थोड्या गरजांत समाधानाने राहता येते याचा अनुभवच कोणाला नाही, तो समाज मर्यादेचा कोणताही नियम मान्य करणार नाही. मतदानाने तो फेकून देईल किंवा लाचेने वाकवील. पुरंदरच्या शेतकऱ्याने अर्ध्या एकराचा वाटा स्वीकारला, कारण तेवढ्यात घर चालते हे त्याने आधी पाहिले होते. साधी राहणी निसर्गाला थेट वाचविते असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. निसर्ग वाचविणारा नियम पाळण्याची क्षमता ती समाजात निर्माण करते, एवढे निश्चितपणे म्हणता येते. जैन शास्त्रकारांनी गृहस्थाला परिमाण स्वतःच्या हाताने आखावयास सांगितले. पाणी, इंधन आणि हवा यांच्या बाबतीत ते परिमाण आखणारा हात आता एकट्या गृहस्थाचा असून चालणार नाही. तो ग्रामसभेचा, पाणलोटाचा आणि राष्ट्रांच्या समूहाचा असावा लागेल. या तिन्ही पातळ्यांवर रेषा कोणी आखावी आणि वाटा कोणत्या तत्त्वाने ठरवावा, हे प्रश्न अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे खुले आहेत.